‘इट’ कुठे बसवायचं?

इंग्रजी शिकणाऱ्या मराठी माणसाला काळ छळतात, स्पेलिंग छळतं, ‘अ’ आणि ‘द’ तर जन्मभर पिच्छा सोडत नाहीत. या सगळ्यांबद्दल तो मनसोक्त तक्रार करतो. पण एका जागी तो रोज अडखळतो आणि तक्रार करत नाही, कारण आपण अडखळलो हे त्याच्या गावीच नसतं. ‘पिक अप मी फ्रॉम स्वारगेट.’ ज्याला सांगितलं त्याला कळतं, गाडी स्वारगेटला येते, माणूस घरी पोचतो. मग बिघडलं कुठे?

बिघडलं ‘मी’च्या जागेत. (हा ‘मी’ इंग्रजी, आपला नव्हे. देवनागरीत इंग्रजी लिहायला बसलं की असले घोटाळे होणारच, वाचकांनी सांभाळून घ्यावं.) इंग्रज ‘पिक मी अप’ म्हणेल. ‘पिक अप मी’ ऐकून तो अर्थ लावेल, पण त्याच्या कानाला ते खडा लागल्यासारखं वाटेल. आणि गंमत म्हणजे तुम्ही ‘मी’ काढून तिथे ‘माय मदर’ घातलंत तर त्याची काही हरकत नाही. ‘पिक अप माय मदर’ चालतं, ‘पिक माय मदर अप’ही चालतं. आईला दोन्हीकडे जागा आहे. सर्वनामाला मात्र एकच.

टिळक रस्त्याजवळच्या एका जुन्या इमारतीत मी संध्याकाळी इंग्रजी संभाषणाचा वर्ग घेते. हिंजवडीहून ट्रॅफिकशी झुंजत येणारी मुलं असतात, परदेशी नोकरीच्या खटपटीत असलेल्या नर्स असतात, लेकीच्या बाळंतपणाला अमेरिकेला निघालेल्या काकू असतात. ‘मॅडम, व्याकरण नको, फक्त बोलायला शिकवा,’ असं पहिल्या दिवशी सगळे म्हणतात. आणि तिसऱ्या दिवशी तेच विचारतात, ‘पण मॅडम, याचा नियम काय?’

तर नियम. ‘टर्न ऑफ द फॅन’ किंवा ‘टर्न द फॅन ऑफ’, काहीही म्हणा. पंख्याच्या जागी ‘इट’ आलं की फक्त ‘टर्न इट ऑफ’. ‘टर्न ऑफ इट’ नाही. ‘पुट इट ऑफ’, ‘फिल इट इन’, ‘राइट इट डाउन’, ‘थ्रो देम अवे’. सर्वनाम क्रियापदाच्या आणि त्या छोट्या शब्दाच्या मधोमध. एवढं फळ्यावर लिहिलं की वर्ग खूश होतो. नियम मिळाला, वहीत चौकट आखून झाली.

आणि मग दुसऱ्या दिवशी तोच नियम उलटतो. एका मुलाने ऑफिसात साहेबाला मेल पाठवली होती, ‘आय विल लुक इट इन्टू’. बिचाऱ्याने शिकवल्याप्रमाणे ‘इट’ मध्ये घातलं होतं. दुसरीने लिहिलं, ‘हू विल लुक हिम आफ्टर?’ दोघांचाही प्रामाणिकपणा वादातीत, दोघांचीही वाक्यं चुकीची. बरोबर आहे ते ‘लुक इन्टू इट’ आणि ‘लुक आफ्टर हिम’. इथे सर्वनाम शेवटी. वर्ग माझ्याकडे असा बघतो, की काल मॅडमनी अर्धंच सांगितलं होतं.

अप्पा बळवंत चौकात गेलात तर फ्रेजल व्हर्बच्या, म्हणजे क्रियापद आणि छोटा शब्द यांच्या अशा जोड्यांच्या, याद्यांची पुस्तकं हवी तितकी मिळतात. डावीकडे क्रियापद, उजवीकडे मराठी अर्थ, खाली एक वाक्य. यातली काही मी स्वतः विकत घेतली आहेत आणि माझं स्पष्ट मत आहे की त्यांचा उपयोग परीक्षेच्या आदल्या रात्रीपुरता. ‘गिव्ह अप म्हणजे सोडून देणे’ पाठ करून ‘गिव्ह अप इट’ म्हणणारा माणूस त्या यादीने वाचत नाही. यादी अर्थ देते, जागा देत नाही. आणि बोलताना माणूस अर्थावर फारसा अडत नाही, जागेवरच अडतो.

जागा कळायला एकच प्रश्न विचारावा लागतो: तो छोटा शब्द कोणाचा? क्रियापदाचा की पुढच्या नामाचा?

इंग्रजी व्याकरणाच्या अभ्यासकांचं याबाबतीत एक लाडकं उदाहरण आहे, मी त्यात पर्वती घातली आहे. ‘ही रॅन अप द हिल.’ तो धावत टेकडी चढला. ‘ही रॅन अप अ बिग बिल.’ त्याने भलंमोठं बिल चढवलं. वरवर दोन्ही वाक्यांची बांधणी एकच दिसते. पण आता पर्वती आणि बिल दोन्ही काढून टाका आणि सर्वनाम घाला. पर्वतीचं होतं ‘ही रॅन अप इट’, बिलाचं होतं ‘ही रॅन इट अप’. पहिल्या वाक्यात ‘अप’ टेकडीचा आहे, कुठे धावला ते सांगणारा. दुसऱ्यात ‘अप’ धावण्याचा आहे; तो ‘रन’ला असा चिकटलाय की दोघांचं मिळून तिसरंच काही झालं आहे, आणि धावणं त्यात उरलेलंच नाही. ‘इट’ला हे अंतर कळतं. नाम दोन्हीकडे सारखंच बसून आपल्याला फसवतं, सर्वनाम फसवत नाही. म्हणून मी वर्गात सांगते, शंका आली की नाम काढा आणि ‘इट’ घालून बघा.

यावर एका काकूंनी विचारलेला प्रश्न मला फार आवडला. ‘अहो मॅडम, पण ‘इट’ घालून बरोबर वाटतं की चूक, हे ज्याला इंग्रजी येतं त्यालाच कळणार ना?’ अगदी रास्त. म्हणून आम्ही कानावर आलो. त्याकडे येतेच, पण त्याआधी जरा आडवळण घेते, कारण या विषयात मला खरी चटक तिथे लागली.

आमच्या सोसायटीत एक निवृत्त संस्कृत शिक्षक राहतात. ऐंशी ओलांडलेले, कान तिखट, जीभ त्याहून तिखट. लिफ्टची वाट बघताना मी त्यांना हे टेकडी-बिल प्रकरण सांगितलं. मला वाटलं कौतुक करतील. ते म्हणाले, ‘अगं, यात नवीन काय? पाणिनीने वेगळं काढून ठेवलंय की हे.’ आणि लिफ्ट आली, गेली, पुन्हा आली, तरी आम्ही खालीच.

पाणिनीच्या अष्टाध्यायीत पहिल्या अध्यायाच्या चौथ्या पादात सूत्र आहे, ‘उपसर्गाः क्रियायोगे’. प्र, परा, अप, सम्, अनु वगैरे शब्दांना उपसर्ग केव्हा म्हणायचं? तर क्रियेशी त्यांचा योग असेल तेव्हा. म्हणजे शब्द जन्मतः उपसर्ग नाही, तो क्रियापदाशी जोडला गेला तर उपसर्ग. थोडं पुढे, ८३ व्या सूत्रात, दुसरी संज्ञा येते: कर्मप्रवचनीय. त्या यादीत पुन्हा अनु, प्रति, परि असे तेच ओळखीचे चेहरे भेटतात, पण इथे ते नामाला धरून आहेत. ‘वृक्षं प्रति विद्योतते विद्युत्’, वीज झाडाच्या दिशेने चमकते. हा ‘प्रति’ झाडाचा, चमकण्याचा नव्हे, आणि त्याच्यामुळे झाडाला द्वितीया लागते. ‘प्रत्यागच्छति’ मधला ‘प्रति’ मात्र येण्याचा. शब्द एकच, नाती दोन, म्हणून नावं दोन. पर्वतीचा ‘अप’ आणि बिलाचा ‘अप’ वेगळे हे याहून नेमकं कसं सांगणार?

गुरुजी तेवढ्यावर थांबले नाहीत. ‘बरं, आणि तुझा तो इंग्रजी शब्द क्रियापदाला सोडून लांब जाऊन बसतो म्हणतेस, त्याचंही आहे.’ कर्मप्रवचनीयाच्या लगेच आधीची तीन सूत्रं त्यांनी म्हणून दाखवली. ‘ते प्राग्धातोः’, हे उपसर्ग धातूच्या आधी येतात. ‘छन्दसि परेऽपि’, वेदांत ते नंतरही येतात. ‘व्यवहिताश्च’, आणि मध्ये दुसरे शब्द घालून तुटकही येतात. ऋग्वेदाच्या पहिल्याच सूक्तातला सातवा मंत्र बघा: ‘उप त्वाग्ने दिवेदिवे दोषावस्तर्धिया वयम् । नमो भरन्त एमसि ॥’ हे अग्नी, आम्ही रोज नमस्कार घेऊन तुझ्याजवळ येतो. ‘उप’ मंत्राच्या तोंडाशी, क्रियापद पार शेवटी. आणि ‘उप’च्या लगेच मागे कोण? ‘त्वा’, म्हणजे तुला. सर्वनाम!

मला तिथेच जिन्यावर बसावंसं वाटलं. उपसर्ग आणि क्रियापद यांच्या मध्ये शिरून बसलेलं सर्वनाम, तेही सूर न घेणारं, अनुदात्त. इंग्रजीचा आणि वेदाचा नियम एकच आहे असा दावा मी करत नाही. वेदात मध्ये बरंच काही येतं, आणि ‘त्वा’ दुसऱ्या जागी येतो तो वेगळ्या सवयीने. अशी हलकी सर्वनामं वाक्याच्या पहिल्या शब्दाला बिलगतात ही सवय अनेक भाषांत आहे, हे याकोब वाकरनागल या स्विस पंडिताने १८९२ साली दाखवून दिलं. पण दोन्हीकडे कारणाचा एक धागा सारखा आहे: सर्वनाम हलकं असतं. त्याला स्वतःचा आघात नसतो. ते एकटं उभं राहत नाही, जवळच्या कोणाला तरी टेकतं.

आणि इंग्रजीतल्या ‘इट’च्या जागेचं उत्तर हेच आहे. इंग्रजी वाक्याला शेवट वजनदार आवडतो. नवी बातमी, जड माल, सगळं शेवटाकडे. ‘इट’ म्हणजे आधी बोलून झालेली गोष्ट; त्यात बातमी नाही, वजन नाही. ते शेवटी बसवलं की वाक्य पोकळ वाटतं. म्हणून ते आत सरकतं आणि शेवटची जागा ‘ऑफ’ला मिळते, कारण पंखा बंद होणार ही बातमी ‘ऑफ’मध्ये आहे. हे पुणेकरांना दुचाकीवरून चटकन पटतं. नवरा-बायको आणि मूल निघाले की मूल दोघांच्या मध्ये बसतं, कोणी विचारतसुद्धा नाही. पण मुलाऐवजी सासूबाई आणि त्यांची भाजीची पिशवी असेल, तर त्यांना मध्ये बसवून पाहा! तसंच लांबलचक कर्माचं. ‘टर्न द फॅन दॅट युअर अंकल ब्रॉट फ्रॉम लक्ष्मी रोड लास्ट समर ऑफ’ असं म्हटलं की ऐकणारा ‘ऑफ’ येईपर्यंत घामाघूम होतो. तिथे ‘टर्न ऑफ’ आधी उरकायचं आणि काकांचा पंखा निवांत शेवटी ठेवायचा. सर्वनाम मध्ये, छोटं नाम कुठेही, लांब नाम शेवटी. तीन वेगळे नियम पाठ करायची गरज नाही, वजन बघा. आणि याच हिशेबाने, सर्वनामावर कोणी मुद्दाम जोर दिला, ‘तिला नाही, त्याला’ अशा झटक्यात, तर तेही कधीकधी शेवटी जाऊन बसतं. वजन आलं ना.

आता कान. ‘टर्न इट ऑफ’ म्हणताना ‘टर्न’वर जोर आणि ‘ऑफ’वरही जोर, मधलं ‘इट’ जवळजवळ गिळलेलं. ‘लुक ॲट इट’ म्हणताना जोर एकट्या ‘लुक’वर, ‘ॲट इट’ दोन्ही मिळून घरंगळत जातात. वर्गात मी टाळ्या वाजवायला लावते, जोर तिथे टाळी. ‘टर्न इट ऑफ’ला दोन टाळ्या, ‘लुक ॲट इट’ला एक. खालच्या मजल्यावरच्या वकिलांनी एकदा तक्रार केली होती, पण या टाळ्यांनी जे काम केलं ते फळ्यावरच्या चौकटीने केलं नाही. क्रियापदाचा छोटा शब्द टाळी घेतो, नामाचा बहुधा घेत नाही. ‘बहुधा’ म्हणते, कारण ‘आफ्टर’सारखा दोन अवयवांचा शब्द थोडा जोर खाऊन जातोच. पण सुरुवातीला एवढं पुरे.

मजा येते ती एकच जोडी दोन्ही घरी नांदते तेव्हा. ‘आय सॉ थ्रू हिम’ म्हणजे त्याचं सोंग मी ओळखलं. ‘आय सॉ हिम थ्रू’ म्हणजे त्याच्या अडचणीत मी शेवटपर्यंत त्याच्या पाठीशी उभी राहिले. ‘हिम’ एक घर सरकला आणि लबाड माणूस आपला झाला. ‘लुक ओव्हर इट’ म्हणजे भिंतीपलीकडे डोकावणं, ‘लुक इट ओव्हर’ म्हणजे कागद नजरेखालून घालणं. ‘गेट ओव्हर इट’ हे कॉलेजातली मुलं प्रेमभंग झालेल्या मित्राला सांगतात, आणि ‘गेट इट ओव्हर विथ’ हे दंतवैद्याच्या दारात एकमेकांना. ‘द डॉग टर्न्ड ऑन हिम’, कुत्रा त्याच्यावर उलटला. यात ‘हिम’ची जागा बदलली तर काय होतं ते मी मिश्र वर्गात सांगत नाही, मुलं फोनवर शोधून आपापसांत हसतात.

आणि दोन्ही प्रकार एकाच वाक्यात पाहायचे असतील तर, ‘डोन्ट टेक इट आउट ऑन मी.’ राग माझ्यावर काढू नकोस. ‘टेक इट आउट’ मध्ये ‘इट’ आत, कारण ‘आउट’ क्रियापदाचा. ‘ऑन मी’ मध्ये ‘मी’ बाहेर, कारण ‘ऑन’ त्या ‘मी’चा. हे एक वाक्य ज्याला बिनचूक बोलता आलं, त्याच्या बाबतीत माझं निम्मं काम संपलं असं मी समजते. ‘पुट अप विथ हर’, ‘लुक फॉरवर्ड टू इट’, ‘रन आउट ऑफ इट’ ही तीन तुकड्यांची क्रियापदं त्याच हिशेबात बसतात. मधला शब्द क्रियापदाचा, शेवटचा नामाचा. सर्वनाम शेवटच्याच्या मागे.

परक्या माणसाला हे जड जातं ही ओरड आजची नाही. १७५५ साली सॅम्युअल जॉन्सनने आपल्या इंग्रजी कोशाच्या प्रस्तावनेत लिहून ठेवलं, की क्रियापदाला मागून छोटा शब्द जोडून अर्थ फिरवण्याची इंग्रजीची खोड परदेशीयांना सर्वांत अवघड जाते. ‘फ्रेजल व्हर्ब’ हे नाव मात्र त्यामानाने कालचं. लोगन पिअरसॉल स्मिथ या लेखकाने १९२५ साली ते वापरलं आणि ऑक्सफर्ड कोशाचे संपादक हेन्री ब्रॅडली यांनी सुचवलं असं सांगितलं. गुरुजींना मी हे सांगितल्यावर ते म्हणाले, ‘म्हणजे नाव ठेवायला पावणेदोनशे वर्षं लागली!’ पुणेरी गणित आहे, सोडून द्या.

पण अर्थ फिरवण्याच्या बाबतीत आपण तोंडात बोटं घालायचं कारण नाही. शाळेत संस्कृत घेतलेल्या कोणालाही हा श्लोक आठवेल: ‘उपसर्गेण धात्वर्थो बलादन्यत्र नीयते । प्रहाराहारसंहारविहारपरिहारवत् ॥’ उपसर्ग धातूचा अर्थ बळजबरीने दुसरीकडेच ओढून नेतो. एकाच ‘हृ’चे मार, जेवण, नाश, फेरफटका आणि निराकरण! जॉन्सनची तक्रार पाच शब्दांत. आम्ही ती पाठ करून मार्क मिळवले आणि पुढच्याच तासाला ‘गिव्ह अप, गिव्ह इन, गिव्ह आउट’ बघून हबकलो.

फरक इतकाच, की संस्कृतात सुटे असलेले उपसर्ग पुढे धातूच्या डोक्यावर कायमचे बसले आणि मराठीपर्यंत येता येता इतके विरघळले की ओळखू येत नाहीत. ‘आणणे’ मध्ये ‘आ’ आहे, ‘विकणे’ मध्ये ‘वि’, ‘पसरणे’ मध्ये ‘प्र’. ‘उठणे’ हे ‘उत्’ आणि ‘स्था’, ‘बसणे’ हे ‘उप’ आणि ‘विश्’. बसण्यातला ‘उप’ झिजून नुसता ‘ब’ उरला. म्हणजे शाळेत उठाबशा काढणारं पोर दर खेपेला दोन उपसर्ग काढत होतं. इंग्रजीने ढोबळमानाने उलटी वाट धरली. जुन्या इंग्रजीत क्रियापदाच्या आधी जोडलेले असे शब्द पुष्कळ होते. पुढे ती पद्धत मागे पडली आणि सुटा, मागून येणारा शब्द बोकाळला. जुनं सामान आजही दिसतं, ‘अंडरस्टँड’, ‘विदस्टँड’, ‘ओव्हरकम’. ‘ओव्हरटेक’ आणि ‘टेक ओव्हर’ शेजारी ठेवून बघा. पहिल्यात ‘ओव्हर’ पक्का चिकटलेला, ‘इट’ बापडं शेवटी. दुसऱ्यात तो सुटा, म्हणून ‘टेक इट ओव्हर’. इंग्रजीची चुलत बहीण जर्मन तर अजून दोन्ही डाव खेळते. रानडे इन्स्टिट्यूटमध्ये किंवा मॅक्सम्युलर भवनात जर्मन शिकलेली मुलं माझ्या वर्गात आली की त्यांना ‘इट’ची जागा समजावावी लागत नाही. ‘मी तुला फोन करते’ हे त्यांनी ‘इश रुफे दिश आन’ असं आधीच घोकलेलं असतं: तुकडा शेवटी, ‘तुला’ मध्ये.

मराठीने उपसर्ग गिळले तरी ते काम थांबलं नाही, दुसऱ्या कोणाकडे सोपवलं. ‘खाऊन टाक’, ‘लिहून घे’, ‘लिहून दे’, ‘विसरून जा’. दुसरं क्रियापद इथे टाकत नाही, घेत नाही, जातही नाही. ते पहिल्याला फक्त वळण देतं. ‘बोलला’ आणि ‘बोलून बसला’ यांत किती पश्चात्ताप आहे ते परक्याला समजावून दाखवा. ‘काय केलंय?’ हा प्रश्न, पण ‘काय करून ठेवलंय!’ हा निकाल. आमच्या वर्गात एकदा एक फ्रेंच मुलगी आली होती, मैत्रिणीला भेटायला. ती मराठी शिकत होती, आणि तिची वही अशाच जोड्यांनी भरलेली, डावीकडे क्रियापद, उजवीकडे अर्थ. माझ्या विद्यार्थ्यांना तिची दया आली. मला आनंद झाला.

आता जरा आजूबाजूच्या बोलण्याकडे कान द्या. आपण इंग्रजीकडून फ्रेजल व्हर्ब घेताना काय केलं? क्रियापद तिथेच ठेवलं आणि छोटा शब्द तेवढा उचलून आणला. ‘लाइट ऑफ कर.’ ‘सर्व्हर डाउन आहे.’ ‘मूड ऑफ झाला.’ ‘टीव्ही ऑन ठेव.’ टर्न नको, स्विच नको, करणं-होणं आमच्याकडे भरपूर आहे. म्हणजे त्या भाषेत वजन कुठे आहे हे आपल्या कानाने अचूक ओळखलं, ज्यावर टाळी पडते तोच तुकडा घेतला. आणि कर्म आपलं नेहमीच्या जागी, क्रियापदाच्या आधी. ‘तो ऑफ कर, तो ऑन कर’, सर्वनाम कुठे बसवायचं हा प्रश्नच मिटला. जे अख्खे घेतले ते नाम करून घेतले, ‘बॅकअप घे’, ‘फॉलोअप कर’, ‘पिकअप कुठून आहे?’ आणि मला वाटतं ‘पिक अप मी’चं मूळ इथे आहे. आपल्या डोक्यात ‘पिकअप’ हा एक सलग शब्द आहे, त्यात फट नाही. मग इंग्रजी बोलताना ‘मी’ त्याच्या आत कसा घुसणार? म्हणून हल्ली मी वर्गात शब्द आधी तोडायला शिकवते. ‘पिक’ वेगळा, ‘अप’ वेगळा, मध्ये एक श्वास. श्वासात ‘मी’ मावतो.

छोटा शब्द वाक्याच्या शेवटी टाकू नये, असं काही जुन्या वळणाचे शिक्षक अजूनही सांगतात. मुलं ते ऐकून येतात आणि ‘टर्न इट ऑफ’ला घाबरतात. कवी जॉन ड्रायडनने १६७२ मध्ये नाटककार बेन जॉन्सनच्या (कोशवाला जॉन्सन वेगळा) वाक्यांत ही खोट काढली, पुढे व्याकरणकारांनी तिचा नियम केला. मला तो नियम पटत नाही, पण तो बाजूला ठेवला तरी तो आहे नामाच्या शब्दाबद्दल, म्हणजे गुरुजींच्या भाषेत कर्मप्रवचनीयाबद्दल. क्रियापदाच्या ‘ऑफ’ला त्याच्याशी देणंघेणं नाही. चर्चिलच्या नावावर एक विनोद खपवला जातो (त्याने तो केल्याचा पुरावा नाही), की या नियमाची टर उडवायला तो म्हणाला, ‘धिस इज द सॉर्ट ऑफ इंग्लिश अप विथ विच आय विल नॉट पुट’. लोक हसतात. पण विनोदात लबाडी आहे. नियम पाळायचा तर फक्त ‘विथ’ पुढे न्यायचा होता, ‘अप’ क्रियापदाचा, तो ‘पुट’पाशीच राहायचा. ‘अप’लाही फरफटत नेलं म्हणून वाक्य हास्यास्पद झालं. अर्थात हे सांगून मी वर्गातला विनोद मारते, पण काही जणांचे डोळे तेव्हाच चमकतात.

राहता राहिलं ‘कोप अप विथ’. इंग्रजीत नुसतं ‘कोप विथ’ आहे, ‘अप’ आपल्याकडचा. पुण्यात, मुंबईत, बंगळुरूत, सगळीकडे ऐकू येतो, आणि परीक्षक त्यावर टपलेले असतात. हा आला कुठून? ‘पुट अप विथ’, ‘कीप अप विथ’, ‘कॅच अप विथ’ यांच्या रांगेत राहून त्याला ‘अप’ लागला असावा, असं मला वाटतं. एका नर्सने निबंधात लिहिलं होतं, ‘द नाइट शिफ्ट वॉज हार्ड, बट आय कोप्ड अप विथ इट’. जे क्रियापद इंग्रजीत नाहीच, त्याच्याही मागे तिने ‘इट’ अगदी चोख ठेवलं होतं. ‘कोप्ड इट अप विथ’ असं तिने लिहिलं नाही, आणि मी इतक्या वर्षांत कोणाच्याही वहीत ते वाचलेलं नाही. मी त्यातला ‘अप’ तेवढा खोडला.